ड्राय आइस ब्लास्टिंग करताना प्रेसच्या खड्ड्यात गॅस साठतोय का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी भोसरी एमआयडीसीत एका रबर मोल्डिंग शॉपमध्ये मेंटेनन्स बघतो. साचे साफ करायला तीन महिन्यांपूर्वी ड्राय आइस (म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) ब्लास्टिंगचं मशीन घेतलं. काम सुरेख होतं. साचा प्रेसवरून न उतरवता, गरम असतानाच तांदळाएवढ्या गोळ्या ६ बारच्या हवेने मारायच्या, की चिकटलेलं रबर पापुद्र्यासारखं सुटतं. मागे ना पाणी उरतं ना वाळू.

पण गेल्या शनिवारी दुसऱ्या पाळीत आमचा हेल्पर खाली पडलेला कचरा काढायला प्रेसच्या खड्ड्यात उतरला. खड्डा चार फुटांचा. पाच मिनिटांत तो कठडा धरून वर आला, चेहरा लालबुंद, "डोकं ठणकतंय, दम लागतोय" म्हणाला. बाहेर मोकळ्यावर बसवल्यावर अर्ध्या तासात बरा झाला. तेव्हापासून मला चैन नाही. मशीन देणाऱ्यांनी अर्धा दिवस ट्रेनिंग दिलं, त्यात हातमोजे, फेस शिल्ड, इअरमफ सगळं सांगितलं. गॅसबद्दल एक शब्द नाही.

मी बसून हिशेब केला. १ किलो ड्राय आइसचा साधारण ५४० लिटर गॅस होतो. आम्ही तासाला ३० किलो वापरतो, म्हणजे १६ घनमीटर. शॉप १५ बाय १० मीटर, उंची ५. हवा अजिबात हलली नाही असं धरलं तर तासाभरात २ टक्क्यांच्या वर, म्हणजे २०,००० पीपीएम! आठ तासांच्या कामाची मर्यादा ५,००० पीपीएम आहे.

आमच्याकडे ऑक्सिजन मीटर आहे. त्या दिवशी लगेच खड्ड्यात सोडला तर २०.२ टक्के दाखवत होता, अलार्म नाही. मग पोराला त्रास का झाला? आणि एक्झॉस्ट पंखा छताजवळ आहे, तो पुरेल का?

प्रतिसाद

दादा, पोरगा वाचला हे नशीब. ऑक्सिजन मीटरच्या भरवशावर अजिबात राहू नका. हवेत ३ टक्के कार्बन डायऑक्साइड मिसळला तरी ऑक्सिजन २०.९ वरून जेमतेम २०.३ वर येतो. १९.५ चा अलार्म वाजेपर्यंत कार्बन डायऑक्साइड साडेसहा टक्क्यांच्या पुढे गेलेला असतो, आणि तेवढ्यात माणूस आडवा पडू शकतो. हा गॅस नुसता ऑक्सिजनची जागा घेत नाही, तो स्वतःच अंगाला बाधतो. तुमचा २०.२ म्हणजे तिथे तीन टक्क्यांच्या आसपास होता. कार्बन डायऑक्साइडचाच मीटर घ्या. एक खड्ड्यात तळाजवळ, एक ऑपरेटरच्या कॉलरला.

छताचा पंखा एकटा पुरणार नाही. हा गॅस हवेच्या दीडपट जड, तो खालीच बसतो. डक्टचं तोंड खड्ड्याच्या तळाशी न्या आणि हवा शॉपबाहेर सोडा. कॉम्प्रेसरची हवा कुठून येते तेही बघा, तीच खोलीतली असेल तर तुम्ही तोच गॅस फिरवताय.

ब्लास्टिंग चालू असताना आणि नंतर मीटर खाली येईपर्यंत खड्ड्यात कुणी उतरायचं नाही. कुणी आत कोसळला तर त्याच्या मागे उडी मारू नका. एकाच्या मागे दुसरा असे जीव जातात. आधी हवा मारा, लोकांना बोलवा.

साचा आणि मशीन दोन्हीला अर्थिंग आहे ना? उरलेल्या गोळ्या घट्ट झाकणाच्या ड्रममध्ये ठेवू नका, दाबाने फुटतो.

धागाकर्ता

मनापासून आभार. अर्थिंग फक्त मशीनला होतं, साच्याला आज जोडलं. खड्ड्यावर जाळी टाकून कुलूप लावलंय. शेवटची शंका: गोळ्यांची पेटी मी पुरवठादाराकडून गाडीच्या मागच्या सीटवर, काचा लावून, एसी चालू ठेवून आणतो. पाऊण तासाचा रस्ता आहे.

प्रतिसाद

आजपासून बंद करा. उघड्या टेम्पोत, मागच्या हौद्यात आणा.