मदत हवी आहे: दमट हवेत खिडक्या नेमक्या कधी उघडायच्या?

समुद्राजवळ राहतो, तिसरा मजला. कपाटाच्या मागच्या भिंतीवर परत बुरशी आलीय, चामड्याचा पट्टा काढला तर त्यावर पांढरी पावडर, आणि मीठ तर डबीतून पडतच नाही, चमच्याने खरवडावं लागतं.

आतापर्यंत मी सकाळी सहाला उठून सगळ्या खिडक्या सताड उघडायचो, थंड हवा म्हणजे चांगली हवा असं डोक्यात होतं. मग एक छोटा ह्युमिडिटी मीटर आणला आणि गोंधळच वाढला. सकाळी बाहेर २५ डिग्री आणि ९५ टक्के, दुपारी ३० डिग्री आणि ७० टक्के. वाटलं दुपार बरी, पण हिशोब केला तर दोन्ही वेळेला ड्यू पॉइंट (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं) २४ डिग्रीच्या आसपासच येतो, म्हणजे हवेतलं पाणी जवळपास तेवढंच, नुसत्या टक्क्यांनी फसवलं की!

आता मी आतला आणि बाहेरचा ड्यू पॉइंट बघून बाहेरचा कमी असेल तेव्हाच उघडतो, पण असे दिवस फार थोडे मिळतात, आणि सगळं बंद ठेवलं की स्वयंपाक, अंघोळ, वाळत घातलेले कपडे यांची वाफ आतच कोंडते. रात्री एसी लावतो, सकाळी बंद करून लगेच खिडकी उघडली की गार फरशी ओली होते, मुलगी घसरता घसरता वाचली.

तर एसीनंतर किती वेळाने उघडता? एक्झॉस्ट फॅन लावून दहा-पंधरा मिनिटं पुरतात का, की सरळ डीह्युमिडिफायर (हवेतला ओलावा शोषणारं मशीन) घेऊ?