घरी फिल्म डेव्हलप करायची आहे, स्वस्तातलं किट घेऊ का?

रोलवाला_नाशिक:
मंडळी, ३५ एमएमचे ब्लॅक अँड व्हाइट रोल लॅबला पाठवायचे म्हणजे कुरियरचा खर्च आणि वर वाट बघत बसायचं, म्हणून आता घरीच धुवायचं ठरवलंय. एकाकडे जुना पॅटरसन टँक (फिल्म धुवायचा डबा), चेंजिंग बॅग (हात घालून अंधारात फिल्म भरायची पिशवी), थर्मामीटर, स्क्वीजी (ओल्या फिल्मवरचं पाणी निपटायचं रबर), उघडलेली केमिकल्स असं सगळं मिळून फारच स्वस्तात मिळतंय. घेऊ का? नेमकं काय बघून घ्यायचं?

काळोखी_खोली:
आधी टँक उघडून बघ. फिल्म गुंडाळायच्या रील ज्या काळ्या नळीवर बसतात ती मधली नळी आहे का? जुन्या सेटमधून नेमकी तीच हरवलेली असते आणि लोकांना वाटतं नुसता रील धरायचा दांडा आहे, त्यात काय एवढं. तसं नाही रे, झाकणातल्या भोकातून येणारा उजेड तीच अडवते, ती नसेल तर अख्खा रोल गेला समज. रीलच्या तोंडाशी दोन बारीक स्टीलचे छर्रे असतात ते हलतायत का बघ, अडकले असतील तर फिल्म पुढे सरकतच नाही. आणि रील पूर्ण कोरडी पाहिजे, पावसाळ्यात तर जास्तच जप, जरा ओल असली की फिल्म मध्येच चिकटून बसते. चेंजिंग बॅगेत चालू टॉर्च ठेव, चेन लाव आणि अंधाऱ्या खोलीत शिवणी बघ, कुठे ठिपका दिसला तर ती बॅग नको.

डी७६_ताई:
मी तर म्हणेन पैसे थर्मामीटरवर घाल. फिल्मच्या डब्यांवरचे डेव्हलपिंगचे टाइम बहुतेक २० डिग्रीचे असतात आणि आपल्याकडे मे महिन्यात नळाचंच पाणी ३० च्या पुढे. एचपी५ फिल्मला डी-७६ डेव्हलपरच्या स्टॉकमध्ये (म्हणजे आणखी पाणी न घालता) २० ला साडेसात मिनिटं, २४ ला तेच पाचच्या आसपास येतं, आणि पाचच्या खाली गेलं की डेव्हलपमेंट एकसारखी होत नाही. मग थर्मामीटरच दोन डिग्री चुकीचा असेल तर निगेटिव्ह दाट का झाली हे शोधत बसशील, आणि नवीन माणूस आधी कॅमेऱ्यावरच शंका घेतो. तपासणं सोपं आहे, ग्लासभर बर्फाचा चुरा, त्यात थोडंसं पाणी, ढवळ आणि दोनतीन मिनिटं थांब, शून्य दाखवायला पाहिजे.

ती उघडलेली केमिकल्स फुकट दिली तरी नको घेऊस. घरातलं डेव्हलपर (चित्र उमटवणारं केमिकल) जुनं वाटलं तर फिल्मच्या शेपटीचा तुकडा उजेडातच त्यात टाक, काही मिनिटांत काळाकुट्ट झाला तर ठीक. फिक्सरलाही (चित्र पक्कं करणारं केमिकल) तसाच तुकडा, तो पारदर्शक व्हायला जेवढा वेळ लागेल त्याच्या दुप्पट फिक्स कर.

कोकणी_क्लिक:
स्क्वीजी वापरूच नका!! रबरात वाळूचा एक कण अडकला तरी सगळ्या फ्रेमवर लांबच लांब ओरखडा. शेवटी डिस्टिल्ड वॉटरमध्ये वेटिंग एजंटचे (पाण्याचे थेंब फिल्मवर साचू न देणारं द्रव) थेंब टाकून फिल्म तशीच टांगायची, बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग पण पडत नाहीत. टांगायला कपड्यांचे चिमटे चालतात, रोडिनल डेव्हलपर मोजायला मेडिकलमधली १० मिलीची सिरिंज, बाटल्या कोल्ड्रिंकच्या. इथे खुशाल पैसे वाचवा.

डी७६_ताई:
कोल्ड्रिंकच्या बाटल्या नकोत हो दादा, घरात लहान मुलं असतात. केमिस्टकडे तपकिरी बाटल्या मिळतात, त्यावर मोठ्या अक्षरात नाव आणि तारीख लिहायची. मोजपात्रही स्वयंपाकघरातलं नको, वेगळंच ठेवा.

कोकणी_क्लिक:
बरोबर आहे ताई, बाटल्यांचं मागे घेतो.

रोलवाला_नाशिक:
सगळ्यांचे आभार. मग केमिकल नवीन घेतो, थर्मामीटर वेगळा घेतो आणि त्याच्याकडून नुसता टँक आणि बॅग घेतो. मधल्या नळीचा फोटो मागितलाय.

काळोखी_खोली:
रीलचा पण माग, छर्रे दिसतील असा जवळून. आणि घेतल्यावर एखादा वाया गेलेला रोल आधी उजेडात रीलवर चढवून बघ, मग डोळे मिटून, हात बसला की मगच खरा रोल बॅगेत घाल.