पाचगणीत घर घ्यावं का? राहायला आणि गुंतवणूक म्हणूनही

कोथरूडकर:
नमस्कार. पुढच्या वर्षी मी बँकेतून निवृत्त होतेय. मुलगी बंगळुरूला असते. आम्हा दोघांना पुण्याच्या गर्दीचा वीट आलाय. पाचगणीत छोटं घर घ्यावं, जमेल तितके महिने तिथे राहावं आणि बाकी वेळ ते होमस्टेला द्यावं, असं मनात आहे. एका एजंटने भिलारच्या बाजूला दहा गुंठे दाखवलेत. समोर दरी, देखावा अप्रतिम. ‘आत्ता शेतजमीन आहे, पण पुढे एनए (बिगरशेती) होईल’ असं तो म्हणतो. तिथे कायम राहणाऱ्यांनी सांगावं. पैसे अडकवावेत का? आणि उतारवयात तिथे निभेल का?

सिल्व्हरओक:
ताई, मी पाचगणीतच राहते. इथल्या एका निवासी शाळेत शिकवायला आले आणि इथलीच झाले. जमिनीचं कोणीतरी जाणकार सांगेलच, मी राहण्याचं सांगते.

तुम्ही बहुतेक दिवाळीनंतर किंवा मे महिन्यात येऊन गेला असाल. ते पाचगणी कोणालाही आवडतं. जुलैमधलं बघा. महाबळेश्वर इथून जेमतेम १९ किलोमीटर, पण ढग आधी तिथे रिकामे होतात आणि आमच्याकडे त्याच्या निम्म्याहूनही कमी पाऊस पडतो. म्हणून तर शाळा इथे निघाल्या, डॉ. बिलिमोरियांनी क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम काढलं तेही इथेच. पण २०२१च्या जुलैत महाबळेश्वरला एका दिवसात जवळपास ६०० मिलिमीटर पाऊस झाला होता. त्याच्या निम्मा धरला तरी किती होतो बघा.

पावसाळ्यात घरात काय होतं ते ऐका. मिठाला पाणी सुटतं. कपाटातल्या चामड्याच्या चपलांवर पांढरी बुरशी धरते, पुस्तकांची पानं फुगतात, धुतलेली चादर चार दिवस दमट राहते. पश्चिमेच्या भिंतीला मे संपायच्या आत प्लास्टिकचा कागद बांधून घ्यावा लागतो. महाबळेश्वरला पूर्वी गवताच्या झडी बांधत. ज्याला गुडघेदुखी किंवा दमा आहे त्याने हे आधी ध्यानात घ्यावं. मोठं दुखणं आलं तर पसरणी घाट उतरून वाई, नाहीतर सातारा, आणि जोडून सुट्ट्या आल्या की तोच घाट गाड्यांनी तुंबलेला असतो.

तरी मी हे गाव सोडणार नाही. सकाळी टेबललँडच्या पठारावर जावं, खाली कृष्णेचं खोरं धुक्याने भरलेलं असतं, ऊन चढलं की धोम धरणाचं पाणी दिसू लागतं आणि पलीकडे कमळगड किल्ला. वाण्यापासून पोस्टापर्यंत सगळं पायी होतं, वाटेत चार माणसं थांबवून विचारपूस करतात. आणि मुख्य म्हणजे हे गाव पर्यटकांच्या हंगामावर जगत नाही, शाळांच्या घंटेवर चालतं. पावसाळ्यात महाबळेश्वरच्या पेठेतली कितीतरी दुकानं बंद असतात. इथे मुलं असतात, त्यामुळे बेकरी, शिंपी, वह्यांचं दुकान सगळं चालू. एकट्यादुकट्या म्हाताऱ्या माणसाला याचा फार आधार असतो. देखाव्याची दोन महिन्यांत सवय होते, माणसांची गरज मात्र रोज लागते. म्हणून दरीकाठच्या प्लॉटपेक्षा मी गावातलं जुनं घर घेईन.

वाईचा_कारकून:
ताई, तुमच्या नावावर शेती आहे का? नसेल तर कूळकायद्याच्या कलम ६३मुळे जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेताच येत नाही. दहा गुंठे जिरायत असतील तर तुकडेबंदीही, म्हणजे ठरावीक क्षेत्राहून लहान तुकडा विकायला असलेली मनाई, आडवी येऊ शकते.

आणि ‘पुढे एनए होईल’ यावर एक रुपयाही देऊ नका. महाबळेश्वर-पाचगणी परिसर १७ जानेवारी २००१च्या अधिसूचनेने इकोसेन्सिटिव्ह झोन, म्हणजे पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र झालाय. बांधकाम, झाडतोड, डोंगरउतार, सगळ्यावर बंधनं आहेत. आधी झोन दाखला मागा, म्हणजे जमीन आराखड्यात कशासाठी राखलीय ते कळेल. सातबारावर भोगवटादार वर्ग २ (म्हणजे विकायला सरकारी परवानगी लागणारी जमीन) किंवा इतर हक्कात कोणाचं नाव असेल तर तिथेच थांबा. फेरफार बघा, वकिलाकडून मालकीच्या नोंदींचा तीस वर्षांचा सर्च करून घ्या, मोजणी नकाशावर रस्ता दाखवलाय का ते तपासा. दरीचा देखावा असलेल्या जागेला पुष्कळदा वहिवाटीचा रस्ताच नसतो.

कोथरूडकर:
दोघांचे मनापासून आभार. शेती नाही हो आमच्याकडे, म्हणजे तो विषय संपला. पण गावातलं घर गुंतवणूक म्हणून तरी बरं का? होमस्टेतून खर्च निघेल?

सिल्व्हरओक:
गावात बांधायला मोकळी जागा फारशी उरलेली नाही, त्यामुळे चोख कागदपत्रांच्या घराची किंमत टिकते. पण विकायला काढलं की गिऱ्हाईक लगेच मिळत नाही. पाच वर्षांत पैसे मोकळे हवे असतील तर इथे येऊच नका. होमस्टेचं म्हणाल तर कमाई उन्हाळ्याची सुट्टी, दिवाळी, नाताळ आणि शनिवार-रविवारची. नेमकं एप्रिल-मेमध्ये पाणी जपून वापरावं लागतं. किल्ली सांभाळणारं, पाहुण्यांचं बघणारं माणूस गावातलंच हवं, आणि त्याला पगार बारा महिने द्यावा लागतो. माझ्या मते त्यातून देखभाल निघाली तरी पुष्कळ झालं.

मला विचाराल तर अकरा महिन्यांच्या करारावर एक घर भाड्याने घ्या आणि जूनमध्येच राहायला या. मुख्य रस्त्याच्या जवळ बघा, चढ कमी असलेलं, स्वयंपाकघरात दुपारचं ऊन येणारं. यजमानांना आधी विचारून घ्या, कारण पावसाळ्यात घरात कोंडून बसायला बायकांपेक्षा पुरुष लवकर कंटाळतात, हे मी शेजारपाजारी पाहिलंय. गणपतीपर्यंत दोघंही रमलात तर मला इथेच कळवा. विकाऊ घरांची खबर आमच्या गल्लीत एजंटाच्या आधी लागते.