चंद्रापेक्षा जवळून जाणारा लघुग्रह फ्रेममध्ये का येत नाही?

ध्रुवमत्स्य
सामग्री अशी: ८ इंची न्यूटोनियन, नाभीय अंतर १००० मिमी, विषुववृत्तीय माउंट, ३.७६ मायक्रॉन पिक्सेलचा ३००८ × ३००८ मोनो कॅमेरा. ठिकाण पुण्याजवळ. साधारण १० मीटरचा लघुग्रह अर्ध्या चांद्र अंतरावरून, म्हणजे १ लाख ९२ हजार किमीवरून जाताना टिपायचा आहे. अंदाजित प्रत (तेजाचं माप; आकडा मोठा तितकी वस्तू अंधुक) १५. प्लॅनेटेरियम सॉफ्टवेअर दाखवतं तिथे दुर्बीण नेऊन ३० सेकंदांच्या फ्रेम घेतल्या, तर १५ व्या प्रतीचे तारे स्पष्ट येतात. लघुग्रह एकाही फ्रेममध्ये नाही. फोकस आणि ध्रुवीय जुळणी ठीक, प्लेट सॉल्व्हही (फ्रेममधल्या ताऱ्यांवरून नेमकी जागा ओळखणं) होतं. मग चुकतं काय?

शर्मिष्ठा
पहिला संशय जागेवर घ्या. तुमच्या कॅमेऱ्याचं क्षेत्र साधारण ३९ कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग). सॉफ्टवेअरमधली जागा पृथ्वीच्या केंद्रातून काढलेली असेल, तर या अंतरावर पराशयामुळे (पॅरॅलॅक्स) लघुग्रह १.९ अंशांपर्यंत सरकलेला असू शकतो. म्हणजे जवळपास तीन फ्रेम बाजूला! चंद्राच्या बाबतीतही हा फरक जास्तीत जास्त एक अंशाच्या आसपास असतो, म्हणून इथे दुप्पट.

दुसरं, बरीच सॉफ्टवेअर कक्षेचे जुने घटक (कक्षा ठरवणारे आकडे) घेऊन फक्त सूर्याचं गुरुत्व धरतात. इतक्या जवळ पृथ्वीची ओढ सोडून चालत नाही. २०२३ बीयू हा लघुग्रह २७ जानेवारी २०२३ रोजी पृष्ठभागापासून सुमारे ३६०० किमीवरून गेला, तेव्हा त्याचा सूर्याभोवतीचा काळ ३५९ दिवसांवरून ४२५ दिवसांवर गेला. एका भेटीत एवढा बदल होत असेल, तर महिन्याभरापूर्वीच्या घटकांवर त्या रात्री भरवसा ठेवता येत नाही.

नासाच्या जेपीएलच्या होरायझन्स या ऑनलाइन सेवेवर लघुग्रहाच्या जागांचा तक्ता काढा. निरीक्षणस्थळ म्हणून स्वतःचे अक्षांश, रेखांश, उंची भरा, पायरी १ मिनिटाची ठेवा. रकाने: १ (विषुवांश-क्रांती), ४ (दिगंश-उन्नतांश), ९ (प्रत), ३६ (जागेतली अनिश्चितता), ४७ (गती आणि दिशा). ३६ चा आकडा तुमच्या क्षेत्राच्या निम्म्याहून मोठा असेल तर त्या लघुग्रहामागे लागू नका. तक्ता शक्यतो त्याच संध्याकाळी काढा. नव्या वस्तूची कक्षा दर काही तासांनी सुधारत असते. वेळ यूटीसी असते, भारतीय वेळेतून ५ तास ३० मिनिटं वजा करायला विसरू नका.

देवयानी
जागा बरोबर आली तरी ३० सेकंदांत तो दिसणार नाही. सेकंदाला १० किमी सापेक्ष वेग धरला तर या अंतरावर तो सेकंदाला सुमारे १०.७ विकला (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) सरकतो. तुमचा पिक्सेल ०.७८ विकलेचा, म्हणजे प्रत्येक पिक्सेलवर तो ०.०७ सेकंदच थांबतो. त्यानंतर त्या पिक्सेलवर नुसती आकाशाची उजळी साठत जाते. एक्स्पोजर वाढवून तारे वाढतील, लघुग्रह नाही.

ताऱ्याची जाडी ३ विकला धरा, भागिले १०.७: एक्स्पोजर ०.२८, म्हणजे ०.३ सेकंद. अशा २०० फ्रेम घ्या आणि रकाना ४७ मधल्या गती-दिशेने सरकवून एकावर एक रचा (टायको ट्रॅकरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये सिंथेटिक ट्रॅकिंग). २०० फ्रेमचा लाभ सुमारे २.९ प्रतींचा. गेन (कॅमेऱ्यातलं संकेतवर्धन) वाढवा, कारण इतक्या छोट्या एक्स्पोजरमध्ये रीड नॉइजच (पिक्सेल वाचताना कॅमेऱ्यातून येणारा गोंगाट) वरचढ ठरतो. २ × २ बिनिंगही (चार पिक्सेल मिळून एक) करा: पूर्ण फ्रेम १८ एमबीची, बिनिंगनंतर ४.५ एमबी. नाहीतर डिस्क मागे पडते आणि मधल्या फ्रेम गळतात.

ध्रुवमत्स्य
माउंटच त्या गतीने चालवला तर?

देवयानी
नको. जवळ येताना गती आणि दिशा मिनिटागणिक बदलते, आणि तारे रेघा झाले की प्लेट सॉल्व्ह बिघडतं. नाक्यावर थांबावं तसं थांबा. तक्त्यातली १० मिनिटं पुढची जागा निवडा, तिथे दुर्बीण नेऊन सॉल्व्ह करा, नेहमीचं तारागतीचं ट्रॅकिंग चालू ठेवा. अख्खं क्षेत्र ओलांडायला त्याला साडेतीन मिनिटं लागतात. ठरल्या वेळेच्या दोन मिनिटं आधी सुरू करून दोन मिनिटं नंतरपर्यंत घ्या. मग पुढचा नाका.

शर्मिष्ठा
मोजमाप मायनर प्लॅनेट सेंटरला (लघुग्रहांची मोजमापं जमवणारी जागतिक संस्था) पाठवायचं असेल तर घड्याळाकडे आधी बघा. ५ सेकंदांची चूक म्हणजे इथे ५४ विकला, आणि असं मोजमाप कक्षा सुधारण्याऐवजी बिघडवतं. एनटीपी (इंटरनेटवरून वेळ जुळवण्याची पद्धत) किंवा जीपीएसने लॅपटॉपचं घड्याळ त्याच रात्री जुळवा. फिट्स (खगोलीय प्रतिमांचा फाइल प्रकार) हेडरमध्ये बहुधा एक्स्पोजर सुरू झाल्याची वेळ असते. पाठवताना मधली वेळ द्यायची, आणि रचलेल्या प्रतिमेसाठी संपूर्ण मालिकेची मधली. यूएसबीतला उशीर वेगळाच. तो तपासायला एखाद्या जीपीएस उपग्रहाच्या नोंदी घेऊन त्याच्या ज्ञात जागेशी ताडून पाहा. वेधशाळेचा संकेतांक नसेल तर आधी क्रमांक मिळालेल्या नेहमीच्या लघुग्रहांची मोजमापं पाठवून तो मिळवावा लागतो.