गाडीचे ओरखडे, टवके : आख्खा पॅनल न रंगवता केलेल्या दुरुस्तीचे अनुभव सांगा

दारावर बोटभर ओरखडा पडला की बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळतं, पूर्ण दार रंगवावं लागेल. मला ते पटत नाही. कारखान्यात बॉडीवर बसलेला रंग साधारण १४० अंशांच्या भट्टीत भाजलेला असतो, आणि गॅरेजमधे गाडी वायरिंग-प्लास्टिकसकट जोडलेली असल्याने तिथे ६० च्या आसपास तापवून वाळणारा वेगळा रंग मारावा लागतो. चांगल्या हाताने मारला तर तोही वर्षानुवर्षं टिकतो, पण मूळ रंग एकदा घासून काढला की तो गेलाच, म्हणून जेवढा वाचेल तेवढा वाचवावा असं माझं ठाम मत आहे. ज्यांनी स्वतः केलंय किंवा समोर उभं राहून करून घेतलंय त्यांनी लिहा, काय वापरलं आणि काय जमलं नाही तेही लिहा.

माझ्यापासून सुरुवात करते. पार्किंगमधे कोणाची तरी सायकल मागच्या दाराला घासून गेली होती, लांबलचक पांढरी रेघ. आधी त्यावर पाणी मारलं. ओलं असेपर्यंत रेघ दिसेना, वाळली की परत हजर, आणि नख आडवं फिरवलं तर कुठे अडकत नव्हतं. म्हणजे ओरखडा क्लिअर कोटमधेच, रंगावरच्या पारदर्शक थरातच होता. मग ती जागा शाम्पूने धुतली, मायक्रोफायबरवर थोडंसं बारीक कंपाउंड (घासून ओरखडा घालवायची पेस्ट) घेऊन हलक्या हाताने घासलं, पुसून बघितलं, परत घासलं. शेवटी पॉलिश आणि वॅक्स. आता शोधूनही सापडत नाही.

---

ताई, पाण्याची टेस्ट लिहिलीत ते फार बरं झालं, लोक थेट कंपाउंडच घेऊन बसतात. फक्त एक सांगतो, क्लिअर कोट जेमतेम ४०-५० मायक्रॉनचा असतो, आपल्या केसापेक्षाही पातळ, आणि दर वेळी कंपाउंड केलं की त्यातला थोडा कमी होतो. बॉनेटच्या कडा, दाराच्या बॉडीलाइन अशा ठिकाणी तर मशीन लावलं की पटकन खालचा रंग उघडा पडतो, तिथे मी मास्किंग टेप लावून ठेवतो आणि टेपखालचा भाग नंतर हातानेच करतो.

---

माझी केस वेगळी. बेसमेंटमधल्या पिवळ्या खांबाला बंपर घासला, चांगला तळहाताएवढा पिवळा पट्टा. बघणारा म्हणाला रंग गेला, नवीन मारा. पण नीट बघितलं तर बराचसा खांबाचाच रंग आमच्या बंपरवर येऊन बसला होता! आयसोप्रोपिल अल्कोहोल फडक्यावर घेऊन पुसलं, थोडं निघालं, उरलेलं कंपाउंडने गेलं. खाली दोनतीन खऱ्या रेघा राहिल्या, तेवढ्याच टचअप केल्या, म्हणजे फक्त रेघेपुरता रंग लावला. कोणी थिनर सुचवेल तर ऐकू नका, मूळ रंगाचीही चमक जाऊ शकते, आणि गॅरेजमधे पुन्हा रंगवलेला पॅनल असेल तर जास्तच धोका.

---

हायवेवर रोजचं जाणं आहे त्यामुळे बॉनेटवर खडीचे टवके हा माझा कायमचा विषय :) यात टचअपच चालतं, पॉलिशचा काही उपयोग नाही कारण तिथे घासायला रंगच उरलेला नसतो.

आधी पेंट कोड, म्हणजे गाडीच्या नेमक्या शेडचा नंबर, बघा. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा बॉनेटखाली स्टिकर असतो, काही गाड्यांना अजून कुठेतरी. नुसतं "सिल्व्हर" म्हणून बाटली आणू नका, सिल्व्हरच्या ढीगभर शेड असतात. टवका स्वच्छ करा, वॅक्स पूर्ण काढा, पत्रा उघडा असेल तर प्रायमरचा ठिपका द्या. बाटलीसोबतचा ब्रश जाडा असतो, तो मी बाजूला ठेवतो आणि टूथपिकच्या टोकाने रंग खड्ड्यात सोडतो. एकदम भरायचा नाही, वाळला की रंग बसतो, मग परत एक पातळ ठिपका, मग क्लिअर, अगदी किंचित वर येईपर्यंत. पूर्ण कडक झाल्यावर २००० आणि मग ३००० नंबरचा सँडपेपर पाण्यात भिजवून, छोट्या ठोकळ्यावर लावून फक्त त्या ठिपक्यावर फिरवायचा आणि शेवटी पॉलिश. मेटॅलिकमधे जवळून ठिपका कळतोच, कारण त्यातले चमकीचे कण स्प्रेसारखे सपाट बसत नाहीत, पण उभं राहून बघितलं तर दिसत नाही आणि गंज थांबतो, मला तेवढं पुरतं.

---

गंजाचा विषय निघालाच आहे तर, लाल झालेल्या टवक्यावर तसाच टचअप मारू नका प्लीज. आमच्या जुन्या गाडीला विकत घेताना असंच रंगवून दिलं होतं, काही महिन्यांत तिथे फुगा आला आणि सोलला तर आत गंज दुप्पट पसरलेला. आम्ही मग चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासून, खड्ड्यातल्या गंजाला रस्ट कन्व्हर्टर (गंज निष्क्रिय करणारं रसायन) लावून, प्रायमर, रंग, क्लिअर असं सगळं क्रमाने केलं. अजून तरी शांत आहे.

---

पक्ष्यांची विष्ठा कोणीच लिहिली नाही? उन्हात तापलेल्या रंगावर ती पडून राहिली की क्लिअर कोट खाल्ला जातो. कोरडी खरवडली तर त्यातल्या कणांनी वेगळे ओरखडे. मी ओलं फडकं वर ठेवून देतो, मऊ झाली की उचलतो. डाग हलका असेल तर पॉलिशने जातो. काही वेळा सुरकुती खोल असते, तिथे हट्टाने घासत बसू नये.

---

पोचा पडलाय पण रंग फुटला नाही अशांनी पेंटलेस डेंट रिपेअरवाला (रंग न मारता पोचा काढणारा) शोधा. माझ्या दारावर दुसऱ्या गाडीच्या दाराने पडलेला पोचा त्याने आतून सळईने हळूहळू दाबत काढला, समोर दिव्याच्या रेघा धरून, रंगाचा थेंब लागला नाही. अगदी कडेला किंवा दुहेरी पत्र्यावर असेल तर तो स्वतःच नाही म्हणतो.

---

एक प्रश्न, माझी गाडी मॅट फिनिशची आहे. वर लिहिलेलं कंपाउंड तिला चालेल का? रेघ हलकीच आहे, पाण्यात दिसेनाशी होते.

---

नाही, अजिबात लावू नका! मॅट घासलं की तेवढाच भाग चमकायला लागतो आणि तो परत मॅट करता येत नाही. मॅटसाठीच्या शाम्पूने धुवून बघा, वरवरची खूण असेल तर निघेल. नाहीतर तशीच राहू द्या, रेघेपेक्षा चमकणारा पट्टा लांबून जास्त दिसतो.