मदत हवी आहे: वर्गातली 1969 ची राष्ट्रपती निवडणूक देशमुखच जिंकतायत!

मंडळी, मी माणगाव तालुक्यात नववीला शिकवतो. पसंतीक्रमाचं मतदान (उमेदवारांपुढे 1, 2, 3 असे आकडे लिहायचे) पोरांच्या डोक्यात शिरावं म्हणून 1969 ची राष्ट्रपती निवडणूक वर्गात घ्यायचं ठरवलंय. पहिल्या पसंतीत निकाल न लागलेली आजवरची ती एकमेव. जिंकायला निम्म्याहून जास्त, म्हणजे 4,18,169 मतमूल्य (आमदार-खासदारांच्या प्रत्येक मताला ठरलेलं वजन असतं, त्याची बेरीज) हवं होतं. व्ही. व्ही. गिरींना 4,01,515, संजीव रेड्डींना 3,13,548 आणि आपल्या चिंतामणराव देशमुखांना 1,12,769. मग तळापासून एकेक उमेदवार बाद करत, त्याची मतं पुढच्या पसंतीला देत गेले आणि गिरी 4,20,077 वर निसटते निवडून आले.

परवा रंगीत तालीम घेतली. आंब्याची पेटी उलटी करून तिला फट पाडली, तीच मतपेटी. माझी चूक एवढीच की उमेदवारांची ओळख करून देताना देशमुखांचा जन्म महाडजवळच्या नात्याचा, हे सांगून बसलो. "सर, नाते म्हणजे माझ्या मामाचा गाव!" मागच्या बाकावरून आवाज आला आणि तिथंच निवडणूक संपली. वर त्यांनी मुंबईसाठी 1956 साली अर्थमंत्रीपद सोडलं, हेही मीच सांगितलेलं.

पोरं 38. चौघांनी आकड्याऐवजी बरोबरची खूण केली, ती बाद. उरलेल्या 34 पैकी देशमुख 23, गिरी 8, रेड्डी 3. निम्म्याहून जास्त म्हणजे अठराला काम झालं, दुसरी पसंती मोजायची वेळच आली नाही!

आता ठरवून मतं द्यायला लावली तर ते नाटक होईल. मोकळं सोडलं तर पुन्हा मामाचा गाव. काय करू? आमदार-खासदारांचं मतमूल्य सध्या सोडलंय, नाहीतर पोरं गणिताच्या तासाला बसल्यासारखी बसतील.

प्रतिसाद: सर, नाटक अर्ध्यांनाच द्या. प्रत्येकाला पक्षाची चिठ्ठी. जनसंघ आणि स्वतंत्र पक्षवाले: पहिली पसंती देशमुख, दुसरी रेड्डी. कम्युनिस्ट, द्रमुक: गिरी. काँग्रेसवाल्यांना मात्र दोन चिठ्ठ्या, एक पक्षाध्यक्ष निजलिंगप्पांची 'रेड्डींना द्या' अशी, दुसरी इंदिराबाईंची 'अंतरात्म्याला विचारा'. त्यांना कुणी काही सांगायचं नाही. मतदान गुप्त, राष्ट्रपती निवडणुकीत व्हिपही (पक्षाचा बंधनकारक आदेश) नसतो. खरी चुरस तिथंच होती.

धागाकर्ता: झकास! मामाच्या गाववाल्याला जनसंघाची चिठ्ठी देतो, नाहीतर रुसेल. पण काँग्रेसवाले किती ठेवू, अठरा की वीस?