आबांच्या क्रोनोग्राफ घड्याळाचं वरचं बटण खरंच गेलंय का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आईनं गेल्या महिन्यात तिच्या वडिलांचं, म्हणजे आमच्या आबांचं, मनगटी घड्याळ माझ्या हातात ठेवलं. चावीचं, दोन बटणांचं स्विस क्रोनोग्राफ, म्हणजे वेळेसोबत स्टॉपवॉचसारखा सेकंद मोजणारा मोठा काटा असलेलं. चावी दिली की वेळ बरोबर दाखवतं. दुखणं बटणांचं आहे.

आबा हैदराबादला डॉक्टरकी शिकले आणि मानवतला दवाखाना टाकला. आपला मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होता, त्यामुळं शिक्षण काय नि मोठी खरेदी काय, सगळं तिकडंच. हे घड्याळही तिथल्या आबिड्सच्या बाजारातून घेतलेलं. डायलवर कंपनीचं नाव पार पुसलंय, ‘स्विस’ तेवढं वाचता येतं. डावीकडं सेकंदाचा छोटा काटा, उजवीकडं ३० मिनिटं मोजणारा. कडेनं लाल आकड्यांची पट्टी आहे आणि तिच्यावर फ्रेंचमध्ये ‘३० ठोक्यांसाठी’ अशा अर्थाचं लिहिलंय.

ही पट्टी नाडीसाठी. आबा डाव्या हाताच्या तीन बोटांनी नाडी धरायचे, उजव्या हातानं बटण दाबायचे आणि ओठातल्या ओठात तीसपर्यंत मोजून काटा थांबवायचे. काटा लाल पट्टीवर जिथं थांबला, तोच मिनिटाचा आकडा. तीस ठोक्यांना साडेबावीस सेकंद लागले तर काटा बरोबर ८० वर. गुणाकार करत बसायला नको. कापूस वेचणीच्या दिवसांत ओसरी माणसांनी भरलेली असायची, तेव्हा ही सोय किती मोलाची असेल!

वाचायला लागले तेव्हा कळलं की नाडी आणि घड्याळाचं नातं फार जुनं आहे. जॉन फ्लॉयर या इंग्रज डॉक्टरनं १७०७ च्या सुमारास नाडी मोजायला नेमकं एक मिनिट चालणारं घड्याळ करवून घेतलं होतं. ‘क्रोनोग्राफ’ म्हणजे काळ लिहिणारा, आणि पहिल्यांदा तो खरंच लिहायचा. १८२१ साली पॅरिसच्या घोड्यांच्या शर्यतीत निकोला रियुसेकचं यंत्र तबकडीवर शाईचा ठिपका टाकून वेळ नोंदवत होतं. काटा झटक्यात शून्यावर आणायची युक्ती नंतरची, आडोल्फ निकोलची, १८४४ ची. ती मी आमच्या घड्याळात भिंगातून पाहिली आणि पाहतच राहिले. आत बदामाच्या आकाराची बारकी चकती आहे. तिच्यावर हातोडी पडली की बदाम आपोआप फिरतो आणि त्याच्या खाचेत हातोडी बसते. काटा कुठंही असो, परत बारावर. सेल नाही, काही नाही. दाबणाऱ्याच्या बोटाचा जोर तेवढा पुरतो.

आता अडचण. वरचं बटण दाबलं की मोठा काटा सुरू होतो. पुन्हा तेच दाबलं तर थांबत नाही, कितीही दाबा. खालचं बटण चालत्या काट्यावर दाबू नका, दाते मोडतील, असं एका घड्याळजींनी बजावलं, म्हणून मी त्याला हात लावलेला नाही. चावी संपेपर्यंत काटा गरगर फिरत राहतो. ते म्हणाले, “वरच्या बटणाचा पार्ट गेलाय, आता कुठं मिळायचा नाही. सेलचं मशीन बसवून देतो, डायलही नवी रंगवून देतो.” मला ते नकोय. आबांच्या घड्याळात आबांचंच मशीन राहावं असं मनापासून वाटतं. खरंच पार्ट गेला असेल का? डायलचं काय करावं?

प्रतिसाद

ताई, मशीन अजिबात बदलू नका. मागचं झाकण पुन्हा उघडाल तेव्हा बॅलन्सच्या (मागंपुढं झुलणाऱ्या) चाकाजवळ ‘लँडेरॉन ४८’ असं कोरलंय का बघा. हे मशीन १९३७ साली आलं. बटणांचं काम सांभाळायला महागडं कॉलम व्हील (खांबांचं चाक) न वापरता साध्या कॅमवर (उंचसखल कडेच्या तुकड्यावर) चालणारं, म्हणून परवडायचं, आणि भरपूर खपलं. याची बटणं इतर क्रोनोग्राफपेक्षा वेगळी चालतात. वरचं फक्त सुरू करतं. खालचं एकदा दाबलं की थांबतं, दुसऱ्यांदा दाबलं की शून्यावर येतं. घड्याळजींनी सांगितलेली भीती दुसऱ्या मशीनसाठी खरी आहे. त्यांच्या हाताखालून हे मशीन कधी गेलं नसेल. पण नाव वाचल्याशिवाय बटणाला हात लावू नका.

डायल रंगवू नका, जुन्या घड्याळाची अर्धी किंमत तिच्यात असते. आकड्यांवर किंवा काट्यांवर अंधारात चमकण्यासाठी लावलेला जुना रंग असेल तर, आता चमकत नसला तरी, तो रेडियमचा असू शकतो. घरी खरवडायचा नाही, त्याची धूळ नाकात जाता कामा नये.

माझं उत्तर

दादा, तुमचे उपकार कसे मानू! झाकण उघडलं, ‘लँडेरॉन ४८’ आहे. खालचं बटण भीत भीत दाबलं. थांबला काटा! पुन्हा दाबलं, बारावर. आणि एकदम आठवलं, आबांच्या खोलीतून असाच आवाज यायचा, आधी एक टक्, मग बऱ्याच वेळानं लागोपाठ दोन. लहानपणी दाराबाहेर बसून तो मी रोज ऐकलाय, पण अर्थ आज लागला. आईला बोलावून ऐकवलं, तर ती काही न बोलता शेजारी येऊन बसली.

रंग चमकत नाही, अंधारात पाहिलं, तरी खरवडणार नाही. एक गोष्ट मात्र राहिली. उजवीकडचा मिनिटांचा काटा मिनिट झालं तरी पुढं सरकत नाही, जागच्या जागी थरथरतो. तेल वाळल्यामुळं असेल की काही झिजलंय? परभणी, नांदेड किंवा संभाजीनगरकडं चावीची क्रोनोग्राफ उघडून तेलपाणी करणारं, जुन्या हाताचं कुणी माहीत असेल तर कृपया कळवा. घड्याळ घेऊन मी स्वतः येईन, कुरिअरनं पाठवायला जीव धजत नाही.